पुणेरी घरातली उतारवयाची आवराआवर

आयुष्यभर जमवलेला संसार उतारवयात हाताने कमी करत नेण्याची रीत पुण्यात फार जुनी नाही. ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत रुजली. त्याआधी पेठांमधल्या वाड्यांत माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला भांडी, पेट्या किंवा पोथ्या कमी कराव्या लागत नसत. तो सोडत असे तो अधिकार. वस्तू जागच्या जागी राहत आणि पुढची पिढी त्याच वापरत असे. पुढे वाडे पडले, घरे लहान झाली आणि मुले परगावी, परदेशी गेली. तेव्हा या वस्तूंचे काय करायचे हा प्रश्न एकट्या वृद्धांच्या अंगावर आला. त्याची उत्तरे शहराने टप्प्याटप्प्याने शोधली. ती शोधताना तांबट, कल्हईवाले, बोहारणी, रद्दीवाले, जुना बाजार, ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालय या साऱ्यांचा हातभार लागला.

वाड्यातला संसार आणि किल्ल्यांचा जुडगा

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार या पेठांमधला वाडा हे राहण्याचे ठिकाण होते, तसेच ते कोठारही होते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर यांच्या जोडीला कोठीची खोली आणि वर माळा असे. वर्षाचे धान्य सुगीनंतर एकदम भरायचे, उन्हे दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कणग्यांत आणि पिंपांत ठेवायचे, ही घराची शिस्त होती. लोणच्यांच्या चिनी मातीच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे, पाणी साठवण्याचे हंडे आणि रांजण याच शिस्तीतून येत. मुंज, लग्न, श्राद्धपक्ष घरीच होत असल्याने पन्नास-शंभर पानांचा स्वयंपाक होईल अशी पातेली, पराती, घंगाळी, ओगराळी, पाट आणि समया घरात असणे गरजेचे होते. मोठी भांडी शेजारी-पाजारी मागून नेत आणि घासून परत आणून देत. त्यामुळे वर्षातून दोनदाच माळ्यावरून उतरणारी वस्तूही निरुपयोगी मानली जात नसे.

अशा घरात म्हातारपणी हातातून सुटत असे तो कारभार. घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. सून घरात रुळली, तिची मुले मोठी झाली, की कोठीची किल्ली तिच्याकडे जाई, मग भांड्यांच्या कपाटाची आणि सरतेशेवटी दागिन्यांच्या पेटीची. दागिनेही टप्प्याटप्प्याने अंगावरून उतरत. पाटल्या मुलीच्या लग्नात, ठुशी सुनेला, नातीच्या लग्नात नथ किंवा मोडून केलेल्या बांगड्या असा त्यांचा क्रम असे. पुरुषांच्या बाजूने हेच काम वाटणीपत्राने होई. वडील हयात असतानाच जमीन, वाड्यातील खण आणि देण्याघेण्याची खाती यांची वाटणी करून घेतली, तर मागे भांडणे राहत नाहीत, हा अनुभव जुन्या घराण्यांना होता.

या व्यवहाराला धर्माचारानेही आधार दिला होता. वानप्रस्थाश्रम प्रत्यक्षात फार थोडे लोक घेत, पण त्यामागची कल्पना घराघरात ठाऊक होती. काशीयात्रा करून आलेली व्यक्ती एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडत असे. चातुर्मासात चार महिन्यांपुरते काही वर्ज्य करायचे आणि उद्यापनाला दान द्यायचे, ही सोडण्याची दरवर्षीची उजळणीच होती. साठीशांत आणि ऐंशी उलटल्यावरचे सहस्रचंद्रदर्शन या प्रसंगी वस्त्रे, धान्य, भांडी दान दिली जात. मृत्यूनंतरच्या शय्यादानात गादी, पांघरूण, छत्री, पादत्राणे, तांब्या-भांडे अशा वस्तू देण्याची प्रथा होती. गेलेल्या माणसाच्या नित्य वापरातील सामान कोणाकडे जायचे, हे अशा रीतीने आधीच ठरलेले असे.

मोठ्या घरातून लहान घरात जाण्याचे पुण्याच्या इतिहासातील ठळक उदाहरण नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचे आहे. नानासाहेबांच्या निधनानंतर त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा माधवराव गादीवर आला. पुढे मायलेकांत कारभारावरून मतभेद झाले आणि गोपिकाबाई शनिवारवाडा सोडून नाशिकजवळ गोदाकाठच्या गंगापूरला राहायला गेल्या. १७७३ मध्ये धाकटा मुलगा नारायणराव याचा खून झाल्यावर त्यांचे उरलेले आयुष्य व्रतवैकल्यांत आणि कठोर साधेपणात गेले. हा साधेपणा दुःखातून आणि राजकारणातून आलेला होता. सामान्य घरातल्या म्हातारीवर असे घर सोडण्याची वेळ क्वचितच येई. तिची खाट माजघरात असे आणि संसार तिच्याभोवती चालू राहत असे.

तांब्या-पितळेची उतरण

वस्तू कमी होण्याची पहिली लाट स्वयंपाकघरातून आली. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांबट समाजाची वस्ती आहे. तांब्याचा पत्रा तापवून, हातोडीने एकेक ठोका देत घडवलेले बंब, हंडे, घंगाळी आणि कळशा येथून घरोघर जात. ठोक्यांच्या सारख्या खुणांनी भांड्याला चमक येते आणि पत्र्याला ताकदही येते. असे भांडे तीन पिढ्या टिके. त्याला पोचा आला तर तो काढून मिळे, बूड झिजले तर नवे बसवून मिळे.

पितळेची भांडी वापरायची तर कल्हई लागे. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो, म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यावा लागतो. कल्हईवाला वाड्याच्या चौकात बसून जमिनीत लहानशी भट्टी करी, भात्याने निखारे फुलवी, भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ती झरझर पसरवी. काळवंडलेले पातेले पाहता पाहता आरशासारखे होई आणि पाण्यात बुडवताच चर्रकन आवाज येई. दर काही महिन्यांनी हे काम करावेच लागे. म्हणजे या भांड्यांसाठी जागा लागे, तशीच माणसांची मेहनतही लागे.

एकोणिसशे साठच्या दशकापासून स्टेनलेस स्टील मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले. त्याला कल्हई नको आणि चिंचेने घासणेही नको. त्याच सुमारास स्वयंपाकाचा गॅस आला आणि चूल, शेगडी, स्टोव्ह मागे पडले. नळाचे पाणी घरात आल्यावर हंड्यांची उतरंड नकोशी झाली. विजेवर पाणी तापू लागल्यावर न्हाणीघरातला तांब्याचा बंब थंड पडला. मंगल कार्यालयांत लग्ने होऊ लागली तशी पन्नास पानांची पातेली उतरवायचे कारण उरले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात महिन्याचा किराणा मिळू लागला आणि कणग्या रिकाम्या झाल्या. वस्तूंची उपयुक्तता अशी एकेक करून संपली, पण वाडा उभा असेपर्यंत त्या माळ्यावर राहिल्या. माळा भरत गेला आणि अडगळ हा घराचा एक कायमचा भाग बनला.

पानशेतचा पूर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांचा सखल भाग आणि डेक्कन जिमखान्याचा परिसर पाण्याखाली गेला. मातीच्या भिंतींचे शेकडो वाडे ढासळले. पाणी ओसरल्यावर घराघरात गाळ उरला आणि त्या गाळात पेट्या, अंथरुणे, कागदपत्रे, फोटो, पोथ्या रुतून बसल्या. तांब्या-पितळेची भांडी गाळातून काढून, धुऊन पुन्हा वापरता आली. कागद आणि कापड मात्र गेले.

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर अशा भागांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या. वाड्यातील अनेक खोल्यांत पसरलेले कुटुंब अचानक एक-दोन खोल्यांत आले. उतारवयातल्या माणसांसाठी हा आघात दुहेरी होता. आयुष्यभराचा संसार एका दिवसात गेला होता आणि शेजारही तुटला होता. निवड करायला वेळ मिळालाच नव्हता. पण पेठेबाहेर, माळ्याशिवाय, थोडक्या सामानात संसार चालतो हे पुण्यातील हजारो कुटुंबांनी या पुरानंतर पहिल्यांदा अनुभवले. पुढच्या काळातील लहान घरांची ती सुरुवात ठरली.

वाडा पडतो, बिऱ्हाड बदलते

पुरातून वाचलेले वाडे हळूहळू भाडेनियंत्रणाने खचले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूंना त्याने मोठे संरक्षण मिळाले, पण मालकाला दुरुस्ती परवडेना. कौले गळू लागली, तुळया कुजल्या, भिंतींना टेकू लागले. दुसरीकडे १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने आणि १९७० च्या अपार्टमेंट कायद्याने फ्लॅटच्या मालकीला कायदेशीर चौकट मिळाली. एकोणिसशे सत्तरच्या दशकापासून पेठांमध्ये वाड्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहू लागल्या, तर पेठेतली अनेक कुटुंबे एरंडवणे, कोथरूड, बिबवेवाडी, धायरीकडे सरकली.

वाडा रिकामा करण्याचे काम कुटुंबातल्या वयस्कर जोडप्याकडे येई, कारण कोणती वस्तू कोणाची आणि कुठून आली हे त्यांनाच ठाऊक असे. नव्या फ्लॅटमध्ये माळ्याऐवजी स्वयंपाकघरावरचा पोटमाळा असे, म्हणजे जेमतेम गुडघाभर उंचीची जागा. झोपाळा टांगायला तुळई नसे. सहा फुटी लाकडी पेटी जिन्यातून वर जात नसे. देव मात्र नक्की जात. देवघर लहान झाले, तरी टाक, शाळिग्राम आणि बाळकृष्ण आले. समईची जोडी, पूजेची उपकरणी, एखादा हंडा, पाळणा आणि आजेसासूबाईंचा खलबत्ता यांना जागा मिळे. बाकीचे सामान मोडीत जाई. वाड्याचे दरवाजे, कोरीव खांब आणि सागवानी तुळया जुन्या लाकडाचे व्यापारी उचलत आणि त्यांतल्या काही पुढे हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या सजावटीत जाऊन बसत.

याच काळात घरातली माणसेही कमी झाली. अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतर कायदा आल्यावर पुण्यातले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. एकोणिसशे नव्वदनंतर माहिती तंत्रज्ञानाने ही वाट अधिक रुंद केली. किल्ल्यांचा जुडगा घ्यायला सून घरात नव्हती. ती दुसऱ्या देशात स्वतःचे घर मांडून होती आणि विमानाच्या सामानात पितळी घंगाळ बसत नव्हते. वस्तू आपोआप पुढच्या पिढीकडे जाण्याची जुनी साखळी इथे तुटली.

जुन्या वस्तू कुठे जातात

घरातून बाहेर पडलेल्या वस्तूंसाठी पुण्यात प्रत्येक प्रकाराची वेगळी वाट आहे. जुन्या कपड्यांसाठी बोहारीण येई. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारच्या निवांत वेळी दारात बसे. साड्या, धोतरे, पँटी यांची घडी उलगडून, कापड उजेडाला धरून ती जोखे आणि मग एका डब्यासाठी किती कपडे यावर लांबलचक घासाघीस होई. जरीच्या जुन्या साड्यांसाठी वेगळे गिऱ्हाईक असे, कारण खऱ्या जरीतून चांदी निघते. वर्तमानपत्रे आणि मासिके रद्दीवाल्याकडे, धातू भंगारवाल्याकडे, तर पाठ्यपुस्तके आणि कादंबऱ्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे जात.

मंगळवार पेठेच्या बाजूला रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार हा या साऱ्या वाटांचा संगम आहे. तिथे अवजारे, कुलुपे, घड्याळे, कॅमेरे, नाणी, रेडिओ, पितळी दिवे आणि अडकित्ते जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर मांडलेले असतात. त्यांतली भांडी उलटी करून पाहिली तर काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले नाव दिसते. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेला कारागीर छिन्नीच्या टोकाने हे नाव घाली. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, लग्न की मुंज, आणि तारीख एवढे त्यात असे. धातू मोडीच्या भावाने विकला जातो तेव्हा नावाला किंमत नसते. त्यामुळे अनेक वृद्धांना भांडे देण्यापेक्षा त्यावरचे नाव देणे जड जाते आणि देण्याआधी ते नाव वहीत उतरवून ठेवण्याची किंवा भांड्याचा फोटो काढण्याची पद्धत काही घरांत पडली आहे.

घरातून गेलेल्या वस्तू वर्गीकरण करून नव्या वापरात आणणारी माणसे फार काळ दुर्लक्षित राहिली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचक स्त्रियांना संघटना मिळाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून पुणे महानगरपालिकेबरोबर घरोघरी काम सुरू केले. कपडे, खेळणी, भांडी, विजेची जुनी उपकरणे गोळा करण्याचे उपक्रमही ही संस्था राबवते. म्हाताऱ्या जोडप्याला जड वस्तू जिन्यावरून उतरवता येत नाहीत. त्यांच्यासाठी दारात येणारी ही व्यवस्था मोलाची ठरते.

संग्रहालयात आणि संस्थांत गेलेला संसार

मोडीत जाणाऱ्या वस्तूंची किंमत फार लवकर ओळखली ती दिनकर गंगाधर केळकर यांनी. १८९६ मध्ये जन्मलेले केळकर चष्म्यांच्या व्यवसायात होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वाड्यांतून, बाजारांतून आणि खेड्यापाड्यांतून रोजच्या वापरातील वस्तू गोळा करायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, दौती, कुलुपे, पानाचे डबे आणि वाद्ये असा हा संग्रह वाढत गेला. लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. केळकर १९९० मध्ये वारले. आयुष्यभर जमवलेले सगळे हयातीतच समाजाच्या हाती सोपवण्याचा हा पुण्यातला मोठा आदर्श आहे, आणि त्या संग्रहाचा बराच भाग दुसऱ्या घरांनी अडगळ म्हणून बाहेर काढलेल्या वस्तूंचा आहे.

ग्रंथांच्या बाबतीत असाच आदर्श रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेकडे आला. त्याआधी १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. घराघरांतली दप्तरे रद्दीत आणि वाळवीच्या तोंडी जात आहेत, ही त्यांची कळकळ होती. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर अनेक कुटुंबांनी मोडी कागद, पोथ्या, चित्रे तिथे आणून दिली. १८४८ पासूनची परंपरा असलेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनाही वाचकांनी आपले संग्रह देण्याची रीत आहे. आता ग्रंथालयांना जागा अपुरी पडते, म्हणून ती निवडकच पुस्तके घेतात. देणाऱ्याने आधी यादी करून विचारणे हा त्यामुळे शिष्टाचार झाला आहे.

आजची आवराआवर

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीवरील लोकांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. पुण्यात वृद्धांसाठी राहण्याच्या सोयींचा इतिहास जुना आहे. आज ‘निवारा’ म्हणून ओळखली जाणारी नवी पेठेतील संस्था १८६३ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने अनाथ-पंगूंसाठी सुरू झाली. गेल्या पंचवीस वर्षांत ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीचे खास गृहप्रकल्प शहराच्या कडेला उभे राहिले. तीन खोल्यांतून एका खोलीत किंवा वृद्धाश्रमातल्या एका पलंग-कपाटाच्या जागेत जाताना आवराआवर अटळ असते. त्यात आता इमारतींच्या पुनर्विकासाची भर पडली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातील सोसायट्या पाडून नव्या बांधल्या जातात, तेव्हा पंचाहत्तरीतल्या माणसांना भाड्याच्या घरात आणि तिथून परत अशी दोनदा बांधाबांध करावी लागते.

परदेशांतही ही गरज ओळखली गेली आहे. स्वीडनमध्ये मागे राहणाऱ्यांवर ओझे पडू नये म्हणून म्हातारपणी घर आवरून ठेवण्याची रीत आहे आणि २०१७ मध्ये मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. पुण्यातील रीतीचा भर थोडा वेगळा आहे. इथे वस्तू नाहीशी करण्यापेक्षा ती कोणाच्या तरी हाती देण्याला मान आहे. म्हणून दिवाळीआधीच्या साफसफाईला जोडून कामाच्या बाईंना भांडी, गरजू विद्यार्थ्याला टेबल-खुर्ची, नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला कपाट देण्याची पद्धत टिकून आहे. अनुभवी घरांत याचा क्रमही ठरलेला असतो. आधी मुदत संपलेली औषधे, बंद पडलेली यंत्रे आणि दुप्पट-तिप्पट असलेल्या वस्तू, मग कपडे आणि भांडी, नंतर पुस्तके, आणि सर्वांत शेवटी पत्रे, फोटो आणि देव. ज्यांच्याशी आठवणी जोडलेल्या आहेत त्या वस्तूंना हात लावायला मन तयार व्हावे लागते, म्हणून त्या मागे ठेवल्या जातात.

घर आणि दागिने यांची सोय कायद्याच्या चौकटीत करावी लागते. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र मात्र नोंदले की मालकी लगेच जाते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये राहते घर पती-पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस देण्यासाठीचे मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये करण्यात आले आणि त्यामुळे अशी बक्षीसपत्रे करणे सोपे झाले. पण सोपे आहे म्हणून घाई करणे धोक्याचे ठरते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ न केल्यास ती देणगी रद्द करून घेता येते. ती अट दस्तात स्पष्ट लिहून घेणे वृद्धांच्या हिताचे असते.

वाड्यातल्या आजीने किल्ली दिली तरी तिची खाट, तिचे ताट आणि तिचा शब्द घरात राहत असे. आजच्या आवराआवरीची कसोटीही तीच आहे. सामान कमी करताना राहत्या घरावरचा हक्क, औषधपाण्यापुरता पैसा, रोजच्या सवयीच्या वस्तू आणि चार माणसांचा शेजार वृद्धाच्या हाती शिल्लक राहायला हवा. देण्याची निवड स्वतः, हयातीत आणि घेणाऱ्याला विचारून केली, की भांड्याला वापरणारा हात मिळतो आणि पुस्तकाला वाचक मिळतो. मागे राहणाऱ्यांनाही मग शोकाच्या दिवसांत कपाटे उपसावी लागत नाहीत.